पालखीसाठी थांबता, पोरांसाठी का नाही?

श्रावणातल्या सोमवारी महाकालाची सवारी निघते तेव्हा आपले गाव काय करते, हे उज्जैनच्या जुन्या मराठी घरांना नव्याने सांगायला नको. दुपारपासून गुदरी, बक्षी बाजार, कहारवाडी हा रस्ता बंद होतो. रामघाटावर पूजन होऊन पालखी परतते ती कार्तिक चौक, ढाबा रोड, टंकी चौराहा, छत्री चौक अशी. गोपाळ मंदिरापाशी थांबून पुढे पटनी बाजार आणि परत गुदरी. या सगळ्या वाटेवर त्या वेळी मोटार राहू द्या, एक स्कूटरसुद्धा दिसत नाही. बॅरिकेड लागतात, पोलीस उभे राहतात, दुकानदार आपले पाट-फळ्या आत घेतात आणि कोणी कुरकुर करत नाही. उलट आपल्याकडच्या पंचांगामुळे सवारीचा काळ भाद्रपदापर्यंत लांबतो याचा आपल्याला अभिमानच वाटतो. वाटायलाही हवा.

२०२५ साली प्रशासन आणखी एक पाऊल पुढे गेले. सवारीच्या सोमवारी शाळांना सुट्टी आणि त्याच्या बदल्यात रविवारी शाळा! त्यावर उलटसुलट बोलले गेले, आम्हाला त्या वादात पडायचे नाही. आम्हाला त्यातून एवढेच दिसले की मनात आणले तर हे गाव अख्खा आठवडा फिरवू शकते. मग आमचा प्रश्न असा आहे. जे गाव पालखीसाठी वाहतूक थांबवते, त्याला शाळा भरताना अर्धा तास आणि सुटताना अर्धा तास, शाळेसमोरच्या शे-दोनशे मीटरांत गाड्या नुसत्या सावकाश चालवायला लावणे का जमत नाही? थांबवायलासुद्धा कोणी सांगत नाही. फक्त सावकाश!

हा प्रश्न आम्हाला आजच का पडला तेही सांगतो. गेल्या पावसाळ्यात आपल्या समाजातल्या एका घरची नात, तिसरीत शिकणारी, शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडताना स्कूटरखाली आली. पाय मोडला, दीड महिना प्लॅस्टरमध्ये होती. स्कूटर चालवणारा मुलगा पंधरा वर्षांचा, नववीतला, आणि तोही आपल्याच समाजातला. संध्याकाळी दोन्ही घरची मोठी माणसे एकत्र बसली, चहा झाला, दवाखान्याचा खर्च मुलाच्या वडिलांनी दिला आणि 'घरातली गोष्ट घरात' म्हणून प्रकरण मिटले. थाण्यात नोंद नाही, शाळेत चौकशी नाही. नावे आम्ही लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ठाऊक आहेत. पण त्या बैठकीत एक वाक्य निघाले आणि सगळ्यांनी त्यावर माना डोलावल्या, आमच्यातल्याही काहींनी. ते वाक्य होते, "पोरीने नीट बघायला हवे होते."

आठ वर्षांच्या पोरीने!

आमचे भांडण या वाक्याशी आहे. हे वाक्य इतके सोयीचे आहे की ते सगळ्यांनाच आवडते. नगर निगमला आवडते, कारण मग पदपथाचा प्रश्न उरत नाही. यातायात पोलिसांना आवडते, कारण वर्षातून एकदा रस्ता सुरक्षा सप्ताहात मुलांची चित्रकला स्पर्धा घेतली की झाले. शाळेला आवडते, कारण फाटकाबाहेरची जबाबदारी तिची नाही. आणि आपल्याला सर्वांत जास्त आवडते, कारण स्कूटरची किल्ली कोणी दिली हे मग कोणी विचारत नाही.

मूल रस्ता बघू शकते की नाही हा काही केवळ शिकवणीचा प्रश्न नाही. स्वीडनमध्ये स्टीना सॅन्डेल्स नावाच्या बाल-मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात लहान मुलांचा रस्त्यावर बसून अभ्यास केला आणि १९६८ साली पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की लहान मुलाला रहदारीच्या मापाचे करता येत नाही, रहदारीलाच मुलाच्या मापाचे करावे लागते. मुलाची उंची कमी, त्यामुळे उभ्या गाडीच्या आडून त्याला काही दिसत नाही आणि तेही कोणाला दिसत नाही. आवाज कुठल्या बाजूने आला हे त्याला पटकन कळत नाही. चेंडू रस्त्यात गेला की त्याच्या डोक्यात चेंडूच असतो. २०११ साली लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातले जॉन वॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांच्या नजरेची चाचणी घेतली. त्यात आढळले की प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने अंगावर येणारी गाडी ही 'येते आहे' हेच खात्रीने ओळखता येत नाही. म्हणजे ते मूल बघते, आपण शिकवल्याप्रमाणे आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे बघते, आणि तरीही त्याला गाडी उभी असल्यासारखी वाटते. आता त्या तिसरीतल्या पोरीने आणखी काय नीट बघायचे होते?

बाकीचे गणित आपल्यातल्या कोणाही निवृत्त मास्तरांनी फळ्यावर मांडून दाखवावे. गाडी ताशी ३० किलोमीटरने असेल तर सेकंदाला सव्वाआठ मीटर जाते. समोर मूल दिसले, ब्रेकवर पाय गेला, यात एक सेकंद धरा. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर पुढे पाचेक मीटर घसरून गाडी थांबते. एकूण १३ मीटर. तीच गाडी ६०ने असेल तर थांबायला सुमारे ३६ मीटर लागतात. पण खरी गोष्ट त्या ३६ मध्ये नाही. तीसवाली गाडी जिथे थांबलेली असते, त्या जागी साठवाल्याचा पाय अजून ब्रेकवर पोचलेलाच नसतो. तो पुऱ्या साठने तिथून जातो. मधल्या जागेत मूल असेल तर काय होईल हे लिहायची गरज नाही.

म्हणूनच फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला जगभरच्या मंत्र्यांची परिषद झाली, तिने असे जाहीर केले की जिथे पायी चालणारे आणि गाड्या एकत्र येतात तिथे वेगाची मर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. आणि आपल्याकडे? केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने शहरातल्या रस्त्यांवर मोटारींसाठी ७० आणि मोटरसायकलींसाठी ६० ही कमाल मर्यादा ठरवली. फ्रीगंजमधून सत्तरने जा, कायदा काही म्हणणार नाही! पण त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ मध्ये राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला ठराविक रस्त्यावर ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार आहे. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. भोपाळपर्यंत गेले तरी पुरे, आणि डिसेंबर २०२३ पासून भोपाळच्या खुर्चीवर तर उज्जैन दक्षिणचेच आमदार बसलेले आहेत.

मुख्यमंत्री आपल्या गावचे आहेत, याचा आम्हालाही आनंद आहे, म्हणूनच त्यांच्याकडे हक्काने बोलतो. त्यांच्या सरकारने एप्रिल २०२५ मध्ये 'सीएम राइज' शाळांचे नाव बदलून 'सांदीपनि विद्यालय' ठेवले. नाव उत्तमच आहे. कृष्ण आणि सुदामा शिकायला आले ते याच गावी, ही आपली पिढीजात कथा. पण नाव सांदीपनींचे द्यायचे तर शाळेच्या दारापर्यंतची वाटही तशी हवी. आज एखादा सुदामा पायी निघाला तर त्याला पदपथ कुठून कुठपर्यंत मिळेल, हे कोणा अधिकाऱ्याने एकदा स्वतः चालून पाहावे. जिथे आहे तिथे त्यावर जनरेटर, ठेले, मोटरसायकली आणि दुकानाच्या पायऱ्या. मुलांनी चालायचे ते रस्त्याच्या कडेने, नाल्याच्या फरशीवरून, ई-रिक्षांच्या रांगेला चिकटून.

जुन्या लोकांना आठवत असेल, या गावच्या गल्ल्या अरुंद होत्या आणि वाकड्या होत्या. दौलतगंजातून किंवा कार्तिक चौकातून टांगा निघाला तर समोरून येणाऱ्याला भिंतीला चिकटावे लागे. त्या अडचणीला आपण सगळ्यांनी शिव्या घातल्या. पण त्या वळणांनी एक काम बिनबोभाट केले होते. वेग आवरला होता. पाच-सहा वर्षांची पोरे एकमेकांचा हात धरून महाराजवाड्यापर्यंत जात, आणि कोणाच्या आईला फाटकाशी जाऊन उभे राहावे लागत नसे. त्या महाराजवाड्यात आपल्यातल्या किती जणांनी धडे गिरवले! आता त्या वास्तूचे हेरिटेज हॉटेल झाले आहे. असो, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर आमच्यातच एकमत नाही.

११ ऑक्टोबर २०२२ ला महाकाल लोकचे उद्घाटन झाले आणि गावाचे चाक फिरले. बाहेरच्या गाड्या वाढल्या, ई-रिक्षा वाढल्या, हॉटेले वाढली. २०२८ चा सिंहस्थ समोर आहे. २०२३ साली के.डी. गेट ते इमली तिराहा हा रस्ता रुंद केला तेव्हा लोकांनी आपल्या ओसऱ्या, ओटे, दर्शनी भिंती सोडल्या. इंदूरच्या सहापदरी रस्त्याचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते इथेच झाले. आम्ही विकासाच्या आड येणारे नाही. सिंहस्थ म्हणजे काय ते शिंद्यांच्या काळापासून या गावात राहणाऱ्या आपल्या घरांना कळते. पण रस्ता रुंद झाला म्हणजे तो आपोआप सुरक्षित झाला, हा समज कोणी पसरवला? रुंद आणि सरळ रस्त्यावर पाय आपोआप ॲक्सिलरेटर दाबतो. वळणे आणि अडचण वेग आवरत होती, ती आपण काढली आणि तिच्या जागी काही ठेवले नाही. ज्या माणसाने आपली ओसरी रस्त्याला दिली, त्याच्याच नातवाला आता तो रस्ता ओलांडता येत नाही. याला काय म्हणावे?

आणि हे करायचे कसे ते कोणाला माहीत नाही असेही नाही. भारतीय रस्ते परिषद म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस. रस्त्याचे सगळे नियम तिच्या पुस्तकांत असतात. पाच ते बारा वर्षांच्या मुलांच्या रस्ता सुरक्षिततेवर तिचे स्वतंत्र पुस्तक १९८८ साली निघाले आहे. १९८८! ते पुस्तक निघाले तेव्हा जी मुले पहिलीत होती त्यांची मुले आज कॉलेजात आहेत. पायी चालणाऱ्यांसाठीचे तिचे २०१२ चे मार्गदर्शन सांगते की पदपथावर चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी. मोकळी म्हणजे मोकळी, मध्ये विजेचा खांब नको, झाड नको, रोहित्राची पेटी नको. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर स्पष्टच सांगितले की अडथळ्यांविना पदपथ मिळणे हा घटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ही याचिका कोणा राजकीय पक्षाने केलेली नाही. ती २०१२ साली कोइमतूरच्या एका अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केली, मोडलेली हाडे जोडून जोडून थकल्यावर. आणि २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९८अ आले. रस्त्याचे आरेखन किंवा बांधकाम मानकाप्रमाणे नसल्यामुळे कोणी मेले किंवा जायबंदी झाले तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. रस्त्याच्या ठेक्यांच्या रकमांपुढे एक लाख म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पण कलम आहे. ते वापरायची मागणी करणारा कोणी नाही.

दोन्ही पक्षांच्या मित्रांना आमचे हे लिहिणे आवडणार नाही. त्यांनी एकमेकांकडे बोट दाखवण्याआधी आठवण करून देतो. सप्टेंबर २०१९ मध्ये वाहतुकीचे वाढीव दंड देशभर लागू झाले, तेव्हा आपल्या राज्यातल्या काँग्रेस सरकारने ते लागू करायला नकार दिला होता. लोक नाराज होतील म्हणून. आणि त्यानंतर आलेल्या भाजप सरकारच्या काळात, २०२२ या एका वर्षात, मध्य प्रदेशात ५४,४३२ अपघात होऊन १३,४२७ माणसे गेली. हे केंद्र सरकारच्याच अहवालातले आकडे आहेत. त्याच वर्षी देशात ३२,८२५ पादचारी मेले, म्हणजे रोजचे नव्वद. अठरा वर्षांखालची मुले गेली ९,५२८, रोजची सव्वीस. सव्वीस म्हणजे आपल्या शाळांतला जवळजवळ एक वर्ग.

मोठा अपघात झाला की सगळे हलतात. ५ जानेवारी २०१८ ला इंदूरच्या बायपासवर शाळेची बस ट्रकवर आदळली, चार मुले आणि चालक गेले. २२ ऑगस्ट २०२२ ला आपल्याच जिल्ह्यात उन्हेलजवळ शाळकरी मुलांची गाडी आणि ट्रक यांची टक्कर झाली, चार मुले गेली. तेव्हा सगळ्या राज्याने हळहळ केली. पण एकटे-दुकटे मूल रस्ता ओलांडताना जखमी होते तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी येतात, किंवा त्याही येत नाहीत, कारण आपण चहा पिऊन ते मिटवलेले असते.

इथे आम्हाला आपल्या लोकांना थोडे कडू बोलायचे आहे. २०२१ पासून अपघातांची नोंद संगणकावर घेण्याची नवी पद्धत देशात सुरू झाली, आणि पहिल्या सहा राज्यांत आपले मध्य प्रदेश होते. कुठल्या ठिकाणी किती अपघात झाले, यावरून धोक्याच्या जागा ठरतात आणि मग तिथे पैसा येतो. आपण नोंदच केली नाही तर ती शाळेसमोरची जागा सरकारी कागदावर अतिशय सुरक्षित ठरते! त्या पोरीचा पाय मोडला, पण कागदावर तो मोडलेलाच नाही. पुढच्या वेळी कोणी अर्ज घेऊन गेले तर बाबू म्हणणार, "वहाँ तो कोई एक्सिडेंट दर्ज नहीं है, साहब." आणि तो खोटे बोलत नसणार.

आता त्या स्कूटरबद्दल. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पन्नास सी.सी. पर्यंतची गाडी चालवायचा परवाना मिळू शकतो. आज आपल्या दारांत उभ्या असलेल्या स्कूटरी शंभर-सव्वाशे सी.सी.च्या आहेत. म्हणजे अठराच्या आतल्या कोणाच्याही हातात ती देणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या कलम १९९अ प्रमाणे तो गुन्हा मुलाच्या आधी पालकाचा आणि मालकाचा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या आलिशान मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. दोघेही आपल्याच मध्य प्रदेशातले. बाल न्याय मंडळाने आधी त्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा आपल्या बैठकांतून केवढा संताप उसळला होता! "बड्या बापाचा पोरगा" म्हणून आम्हीही बोललो. मग आपल्या घरच्या प्रकरणात आपण निबंधसुद्धा लिहायला लावला नाही, याचे काय? गाडी लाखोंची असली की गुन्हा आणि आपली ॲक्टिव्हा असली की पोराची हौस, असे होत नाही.

"ट्यूशनला लांब जावे लागते", "आम्ही दोघेही नोकरीवर", "गल्लीतल्या गल्लीत तर चालवतो", ही सगळी कारणे आम्ही ऐकली आहेत, काही स्वतः सांगितलीही आहेत. कारणे खरी आहेत. मुलांना पायी किंवा सायकलने जाण्याजोगा रस्ता नाही म्हणून आपण त्यांना स्कूटर देतो, आणि त्या स्कूटरी झाल्या म्हणून आणखी लहान मुलांना पायी जाण्याजोगा रस्ता राहत नाही. धाकट्याला मोटारीने फाटकापर्यंत सोडणारे आपणही त्याच गर्दीत आहोत. फाटकासमोर दुहेरी रांगेत मोटार लावून, पोराला रस्त्याच्या बाजूने उतरवून, 'फक्त दोनच मिनिटे' म्हणणारे कोण असतात? पूर्वी व्हॅनवाल्याला नावे ठेवत होतो. आता तो सोयीने उतरवतो आणि आपण गैरसोयीने. समाजाच्या सभागृहात लग्नकार्य असले की समोरच्या पदपथाचे काय होते तेही पाहिले आहे आणि पुढच्या कार्यकारिणीत तो विषय आम्ही घेणार आहोत.

हे बदलता येते का? आपल्यातल्या अनेक घरांची मुले-सुना आज युरोपात आहेत, काहींची हॉलंडमध्ये. तिकडे जाऊन आलेले आजी-आजोबा कौतुकाने सांगतात की नातवंडे एकटी सायकलने शाळेत जातात, तिथली माणसेच शिस्तीची! ही अर्धी गोष्ट आहे. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात चारशेहून अधिक मुले रस्त्यावर मेली होती. त्यांतली एक मुलगी एका पत्रकाराची होती. त्याने १९७२ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिला, मथळा होता 'बालहत्या थांबवा'. अपघात नव्हे, हत्या. त्या मथळ्याचीच चळवळ झाली. आई-बापांनी रस्ते अडवले, भर रस्त्यात टेबले मांडून जेवणे केली, सायकलींचे मोर्चे काढले. १९७३ च्या तेलटंचाईनेही त्यांना हात दिला, हे खरे. १९७६ मध्ये तिथे कायदा झाला की राहत्या वस्तीतल्या ठराविक गल्ल्यांत चालणाऱ्याचा आणि खेळणाऱ्या मुलांचा हक्क आधी, गाडीने पावलाच्या चालीने जायचे. २०१० साली तिथे रस्त्यावर गेलेल्या चौदा वर्षांखालच्या मुलांची संख्या चौदा होती. डच माणूस शिस्तीचा जन्मला नव्हता, त्याला रस्त्याने शिस्तीत आणले आणि रस्त्याला आई-बापांनी.

हॉलंड लांब वाटत असेल तर पुणे घ्या. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले आणि ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. लग्नाचा बस्ता बांधायला आपण ज्या रस्त्यावर जातो आणि साडीच्या दुकानापेक्षा रस्ता ओलांडण्यात जास्त वेळ घालवतो, तोच हा रस्ता. एका दिवसाने पुणे सुधारले असे आमचे म्हणणे नाही. धोरणाचे पुढे काय झाले ते पुणेकर आपल्याला तिखट-मीठ लावून सांगतील. पण निदान कागदावर एका मराठी शहराने कबूल केले की रस्ता चालणाऱ्याचाही आहे. आमच्या नगर निगमकडे असा एक कागद तरी मागू या.

काही जण म्हणतील, सिंहस्थाच्या धामधुमीत हे कशाला काढता? आमचे म्हणणे असे की हीच वेळ आहे. रस्ते आज उकरलेले आहेत, आराखडे टेबलावर आहेत, पैसा आलेला आहे. एकदा डांबर पडले, दुभाजक बसला, रिबन कापली की पुढची वीस वर्षे कोणी त्या रस्त्याला हात लावणार नाही. आणि सिंहस्थाचा यात्रेकरू तरी काय मोटारीतून रामघाटावर उतरतो? गाडी कोसभर अलीकडे थांबते आणि तो डोक्यावर गाठोडे घेऊन चालत येतो. २०१६ ला सगळे गाव पायीच होते. मुलांसाठी केलेला पदपथ यात्रेकरूलाही लागतो, आणि आमच्यासारख्या गुडघे गेलेल्यांनाही.

मागणी फार मोठी नाही. शहरातल्या प्रत्येक शाळेसमोर शे-दोनशे मीटरांत तीसची मर्यादा, आणि ती नुसत्या पाटीने नव्हे. पाटी कोणी वाचत नाही. रस्ता ओलांडण्याची जागा पदपथाच्या उंचीला उचलून घ्यावी, म्हणजे गाडीला झक मारून हळू व्हावे लागते आणि पोराला खाली उतरावे लागत नाही. हल्ली जे टोकदार, बिनरंगाचे उंचवटे मध्यरात्री उगवतात आणि आमच्या कमरेची हाडे मोजतात, ते नकोत. त्यांचीही मानके ठरलेली आहेत, त्याप्रमाणे करा. शाळा भरण्या-सुटण्याच्या अर्ध्या-अर्ध्या तासात तिथे मालवाहू गाड्या बंद असाव्यात आणि यातायात पोलीस, निदान होमगार्ड, उभा असावा. रुंद केलेल्या रस्त्यांवर पदपथाची मोकळी जागा मोजून घ्यावी आणि मग ठेकेदाराचे बिल द्यावे.

शहरात ५४ वॉर्ड आहेत. नगर निगमच्या मागच्या निवडणुका २०२२ मध्ये झाल्या, म्हणजे पुढच्या २०२७ मध्ये येतात, सिंहस्थाच्या तोंडावर. तेव्हा सगळ्या पक्षांचे उमेदवार आपल्या गणपतीच्या आरतीला येतील, शाल-श्रीफळ घेतील, 'मराठी समाज का योगदान' यावर दोन शब्द बोलतील. राणोजी शिंद्यांचे आणि बायजाबाईंच्या गोपाळ मंदिराचे नाव निघेल, आपण टाळ्या वाजवू. या वेळी टाळ्यांनंतर त्यांना एक प्रश्न विचारायचा आहे. तुमच्या वॉर्डातल्या शाळेसमोर मूल सुखरूप रस्ता ओलांडेल अशी जागा कुठे आहे, दाखवा. नसेल तर कोणत्या तारखेपर्यंत होईल ते लिहून द्या.

नगर निगम आयुक्त आणि कलेक्टर यांच्या नावाचा अर्ज तयार आहे. तो हिंदीत आहे, दोन पानांचा, आणि त्याला पहिल्या दहा शाळांसमोरच्या रस्त्यांची टेपने घेतलेली मापे जोडायची आहेत. माप घ्यायला टेप, वही आणि सकाळचा एक तास लागतो. निवृत्त अभियंता बंधूंनी यात पुढाकार घ्यावा, त्यांना आम्ही वेगळे निरोप पाठवत आहोत. मुलीच्या घरच्यांनी अपघाताची माहिती उशिरा का होईना थाण्यात लेखी द्यायचे कबूल केले आहे. मुलाच्या वडिलांशी आमचे बोलणे चालू आहे. सह्यांसाठी अर्जाच्या प्रती समाजाच्या कार्यालयात दररोज संध्याकाळी सहा ते आठ ठेवलेल्या आहेत. येताना शक्यतो चालत या.